तेल, नळी आणि माणूस

दिवाळीच्या पणतीत आपण गोडे तेल घालतो, तेव्हा त्या तेलाच्या सभ्यपणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. एखाद्या पोराचा पाय लागून पणती कलंडली, तर अंगणात तेलाचा ओघळ येतो, रांगोळी नासते, आई दोन शब्द रागाने बोलते. एवढ्यावर प्रकरण मिटते. सांडलेले तेल भडकत नाही. त्या तेलाला पेटायला वात लागते, वातीला धग लागते आणि धगीला वेळ लागतो. तिळाचे, करडईचे, एरंडाचे, करंजाचे अशी जी तेले शतकानुशतके आपल्या घरांत नांदली, ती सगळी अशी घरंदाज. बोलावल्यावाचून जळायचे नाही, हा त्यांचा कुळाचार.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी माणसाच्या घरात दुसरे एक तेल आले. ते जमिनीखालून आले. स्वस्त, पातळ, लख्ख उजेड देणारे. पण गोड्या तेलाचा कुळाचार त्याला ठाऊक नव्हता. त्याने रात्रीचे तास वाढवले, गरिबाच्या पोराच्या हाती पुस्तक दिले, स्वयंपाकघरातला धूर कमी केला, थंड मुलखात घरे ऊबदार केली. आणि त्याला कोंडणारे भांडे, नळी किंवा माणूस जिथे कच्चा निघाला, तिथे घरेही जाळली. हे तेल घरात ठेवायला माणूस कसकसा शिकला, ही हकिगत मला लढायांच्या हकिगतींइतकीच वाचनीय वाटते. मी काही रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी धाव मॅट्रिकपर्यंत. पण मुलांना इतिहास शिकवता शिकवता माझी एक खात्री झाली आहे, की राजांच्या वंशावळींपेक्षा घरातल्या वस्तूंच्या वंशावळी अधिक खरे बोलतात.

*

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात अब्राहम गेस्नर नावाचा एक गृहस्थ होता. शिक्षणाने डॉक्टर, पण जीव रमायचा दगडधोंड्यांत. १८४६ साली त्याने शार्लटटाउन गावी लोकांसमोर एका नव्या तेलाचा दिवा लावून दाखवला. खाणीतले खनिज तापवून, त्याची वाफ धरून त्याने ते काढले होते. मेणाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याने त्याला केरोसिन हे नाव दिले. पुढे चारच वर्षांनी स्कॉटलंडात जेम्स यंगने कोळशापासून तेल काढण्याचे पेटंट घेतले. पोलंडच्या इग्नात्सी वुकाशेविच या औषध-विक्रेत्याने जमिनीतून झिरपणारे खनिज तेल शुद्ध केले, आणि ३१ जुलै १८५३ च्या रात्री आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव शहरातल्या इस्पितळात त्याच्या दिव्याच्या उजेडात एक तातडीची शस्त्रक्रिया झाली. नव्या तेलाचा पायगुण असा चांगला होता. त्याने पहिल्याच वर्षांत रोग्याच्या उशाशी उभे राहून दाखवले.

पण हे सारे वाटी-वाटीचे काम. घागरी भरल्या त्या अमेरिकेत. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक नावाचा, पूर्वी आगगाडीवर कंडक्टर असलेला माणूस विहीर खणत बसला होता. गावकऱ्यांवर छाप पडावी म्हणून त्याचे धनी त्याला 'कर्नल ड्रेक' अशा पत्त्याने पत्रे पाठवीत. वास्तविक तो कधी सैन्यात नव्हता. २७ ऑगस्ट १८५९ रोजी सुमारे ७० फुटांवर त्याच्या पहारीला तेल लागले. त्यानंतर त्या दरीत माणसांची जी झुंबड उडाली, तिने जगाचे दिवे बदलून टाकले. देवमाशाच्या चरबीचे महागडे तेल मागे पडले आणि केरोसिन खेडोपाडी पोहोचले.

इथेच पहिली फसवणूक सुरू झाली.

*

ही फसवणूक समजायची, तर तेल जळते म्हणजे काय होते ते थोडे पाहिले पाहिजे. द्रवरूप तेल स्वतः जळतच नाही. जळते ती त्याची वाफ. तेल जसजसे तापते, तसतशी त्याच्या पृष्ठभागावर वाफ जमते. आणि एका ठरावीक उष्णतेला ती इतकी दाट होते, की ठिणगी दाखवताच क्षणभर झळकून जाते. या उष्णतेला झळक-बिंदू म्हणू. तिळाच्या तेलाचा हा बिंदू दोनशे अंश सेल्सिअसच्याही वर असतो, म्हणून ते घरंदाज. पेट्रोलचा शून्याच्याही बराच खाली असतो. म्हणजे ते हिमालयाच्या थंडीतही पेटायला टपलेलेच. केरोसिन या दोघांच्या मधले. त्याला शहाणे ठेवले तर ते शहाणे राहते.

खनिज तेल उकळून त्याचे भाग करताना पहिल्यांदा निघतो तो हलका, उडून जाणारा भाग. मोटारी अजून जन्मायच्या होत्या, त्या काळात या भागाला गिऱ्हाईक नव्हते. तो ओढ्यांत, खड्ड्यांत ओतून देत. मग काही चलाख व्यापाऱ्यांच्या मनात आले, की फुकट जाणारा हा माल केरोसिनमध्येच का मिसळू नये? रंग सारखा, वास जवळपास सारखा, आणि डब्यात चार पैसे जास्त. गिऱ्हाइकाने दिवा लावला, की तेलपात्र हळूहळू तापे, आत वाफ कोंडे, आणि एका क्षणी दिव्याचा बाँब होई. अमेरिकेत १८६० आणि १८७० च्या दशकांत दिवे फुटून होणारे मृत्यू ही रोजच्या वर्तमानपत्रातली बातमी होऊन बसली. दिवा बहुधा बायकांच्या हातात असे, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर असे. त्यामुळे मरणारे कोण, हे निराळे सांगायला नको.

१८७० साली जॉन रॉकफेलरने ओहायोत आपली कंपनी काढली, तिला स्टँडर्ड ऑइल हे नाव दिले. आमचे तेल दर वेळी एकाच प्रतीचे असेल, असे त्या नावातूनच गिऱ्हाइकाला सांगायचे होते. रॉकफेलरच्या धंद्याच्या रीतीभातींबद्दल पुढे खटले झाले, ग्रंथ लिहिले गेले. ते सारे खरे. पण एका कंपनीला आपल्या नावातच प्रमाणाची ग्वाही द्यावीशी वाटली, यावरून त्या काळच्या गिऱ्हाइकाच्या मनातली धास्ती कळते.

कायदाही जागा झाला होता. इंग्लंडने १८६२ पासून पेट्रोलियमचे कायदे करायला सुरुवात केली. मात्र झळक-बिंदू मोजायचा कसा, यावर घोडे अडले. उघड्या भांड्यात तेल तापवले, तर वाफ वाऱ्याच्या झुळकीबरोबर निघून जाई. एकाच डब्याच्या तेलाचा आकडा सकाळी एक आणि दुपारी दुसरा येई. अखेर फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाने झाकणाचे भांडे तयार केले. झाकणाला छोटी खिडकी, खिडकीपाशी इवलीशी ज्योत, आत तापमापक. खिडकी उघडायची, ज्योत आत डोकवायची, झळक दिसते का ते पाहायचे. १८७९ च्या कायद्याने हे भांडे मान्य केले आणि ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस, ही मर्यादा ठरवली. आपल्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातही आज २३ अंशांच्या खाली झळकणारे तेल पहिल्या, सर्वांत धोक्याच्या वर्गात पडते. घासलेट दुसऱ्या वर्गात येते. भारतीय मानकाप्रमाणे त्याचा झळक-बिंदू किमान ३५ अंश असावा लागतो.

हा ३५ चा आकडा लंडनच्या धुक्यात निर्धास्त वाटतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा तोच आकडा किती तोकडा पडतो, हे विदर्भातल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. उन्हात ठेवलेला डबा म्हणजे चुलीवर ठेवलेला डबा.

*

आपल्याकडे हे तेल आले ते पत्र्याच्या डब्यांतून. अमेरिकेहून गलबतांत लाकडी खोकी येत, प्रत्येक खोक्यात दोन डबे. मराठी माणसाने या पाहुण्याला दोन नावे ठेवली. खडकातले तेल या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून 'रॉकेल', आणि 'गॅसलाइट' या शब्दाची जिभेवर झीज होऊन 'घासलेट' झाले असे म्हणतात. तेल संपले तरी डबा संपत नसे. त्याला आडवा दांडा ठोकला की पाण्याचा डबा. कापून सपाट केला की झोपडीचे छप्पर. अर्धा कापला की तुळशीची कुंडी. पत्र्याच्या त्या चौकोनी डब्याने अर्ध्या आशियाचा संसार चालवला.

डब्याची ही मोहिनी किती होती, याची एक हकिगत व्यापाराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युअल याने ठरवले, की खोकी-डब्यांचा खर्च वाचवून तेल आगबोटीच्या पोटातच भरून न्यावे. सुएझ कालव्यातून असे तेल नेऊ द्यायला कालव्याचे अधिकारी तयार नव्हते; बोट पेटली तर सारा कालवा बंद. म्हणून त्याने 'म्युरेक्स' नावाची नवी बोट बांधून घेतली. उष्ण समुद्रात तेल फुगते, थंडीत आकसते, हे ध्यानात घेऊन तिच्या टाक्या रचल्या होत्या. ऑगस्ट १८९२ मध्ये ती कालवा पार करून पूर्वेला आली. तेल स्वस्त झाले. पण गिऱ्हाईक खुषीत येईना. लोकांना नुसते तेल नको होते, डबाही हवा होता! शेवटी पत्रा मागवून इकडच्या बंदरांतच लाल डबे घडवावे लागले.

तिकडे आसामात डिगबोईला १८८९ साली तेल लागले, १९०१ साली शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. ब्रह्मदेशातल्या विहिरींवर उभी राहिलेली बर्मा ऑइल आणि सॅम्युअलची शेल यांनी १९२८ साली हातमिळवणी करून बर्मा-शेल काढली. मुंबईत शिवडीला टाक्या आल्या, पुढे १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला शुद्धीकरणाचे कारखाने आले. गावोगाव कंदील टांगले गेले. ज्याला कंदील परवडत नसे, त्याच्या घरी दौतीच्या बाटलीची चिमणी. बाटलीच्या झाकणाला भोक, भोकात चिंधीची वात. तिला ना काच, ना बूड. माझ्या लहानपणी गावात वीज होती, पण तिच्या येण्याजाण्याला काही धरबंध नव्हता. त्यामुळे कंदिलाची काच राखेने पुसायचे काम माझ्याही वाट्याला आले आहे. त्या काळी आजीचा एक दंडक होता: पेटत्या दिव्यात तेल घालायचे नाही. आधी दिवा शांत करायचा, तो निवेपर्यंत थांबायचे, मग तेल. एबलसाहेबाचे भांडे आजीने पाहिले नव्हते. पण त्या भांड्याचा निष्कर्ष तिला पाठ होता.

*

दिव्यानंतर आला स्टोव्ह. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ च्या सुमारास जो प्रायमस बनवला, तो आपल्या चाळींतून असा रुळला, की त्याचा फुरफुराट हाच मध्यमवर्गीय सकाळचा भूपाळीचा सूर झाला. त्याची करामत साधी. खाली पितळी टाकी. पंपाने तिच्यात हवा भरायची. हवेच्या दाबाने तेल नळीतून वर चढते. काकड्याने आधीच तापवलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते. ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून सुटते आणि निळ्या ज्योतीने जळते. धूर नाही, काजळी नाही, फुंकणी नाही.

पण इतिहासात पहिल्यांदाच घरातले तेल नुसते साठवलेले राहिले नाही. ते दाबाखाली आले. निपलमध्ये काजळी अडकली आणि पिन मारण्याऐवजी कोणी पंपच मारत बसले, वायसर कुजले, टाकीचे डाक सुटले, चावी न सोडता गरम स्टोव्हात तेल ओतले, किंवा दुकानदाराने घासलेटात पेट्रोल मिसळले, तर भडका ठरलेला. हे सारे खरे होते, आणि म्हणूनच एक भयंकर गोष्ट त्याच्या आड लपू शकली. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही चार ओळींची बातमी कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत येत राहिली. सासूच्या अंगावर स्टोव्ह फुटत नसे, दिराच्या अंगावर फुटत नसे. तो नेमका नव्या सुनेलाच कसा गाठतो, हा प्रश्न १९७० आणि ८० च्या दशकांत बायकांच्या संघटनांनी मोर्चे काढून विचारला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम १९८३ साली आणि हुंडाबळीचे ३०४-ब हे कलम १९८६ साली आले, ते या प्रश्नामुळे. सणाच्या अंकात हा विषय काढताना हात जड होतो. तरी काढला पाहिजे, कारण घरातल्या तेलाचा इतिहास लिहायचा आणि घरातल्या मुलींना वगळायचे, हे मास्तरकीला शोभणारे नाही. निर्जीव वस्तूवर आळ घेणे सोपे असते. स्टोव्हाला साक्ष देता येत नाही.

भेसळीचीही आपल्याकडे उलटी परंपरा निर्माण झाली. अमेरिकेत स्वस्त नाफ्था महाग केरोसिनमध्ये मिसळत. आपल्याकडे रेशनचे घासलेट स्वस्त म्हणून ते पेट्रोल-डिझेलमध्ये जाऊ लागले. गरिबाच्या कंदिलासाठी दिलेले तेल ट्रकच्या टाकीत पोहोचले. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ असा एक काळा धंदा पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यांचे नाव मी वर्गात मुद्दाम घेतो. शूर पुरुष फक्त तलवारीच्या काळात होऊन गेले, असा मुलांचा समज होऊ नये.

*

आता थोडे थंड मुलखात जाऊ. तिथे तेल उजेडासाठी लागत नाही, उबेसाठी लागते. आणि ते डब्याने पुरत नाही, टाकीने लागते. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत १९२० च्या दशकापासून कोळशाच्या भट्ट्या जाऊन तेलाच्या भट्ट्या येऊ लागल्या. कोळसा फावड्याने घालावा लागे, राख काढावी लागे. तेल नळीने आपोआप येई. आजही मेन राज्यासारख्या ठिकाणी पुष्कळ घरांच्या तळघरात पोलादी टाकी उभी असते. तिचे नेहमीचे माप २७५ गॅलन, आपल्या हिशेबाने सुमारे हजार लिटर. डोक्यावर अंथरूण आणि खाली हजार लिटर तेल, असा तो संसार! हे तेल डिझेलचे भावंड आहे. ३८ अंशांच्या खाली ते झळकू नये असा नियम आहे. म्हणजे गार तळघरात ते एकाएकी पेटत नाही. त्याचा धोका पेट्रोलसारखा धावून येत नाही, वाळवीसारखा येतो.

टाकीला गंज बाहेरून कमी, आतून जास्त लागतो. हवेतली वाफ टाकीत थिजते, पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसते, आणि वर रंगरंगोटी चकचकीत असताना तळाला सुईएवढे भोक पडते. भरलेली टाकी वजनाला जवळजवळ एक टन. तिच्या एका पायाखालची जमीन खचली, की टाकी झुकते आणि नळी पिळवटून तुटते. टाकी घराबाहेर असेल, तर छपरावरून घसरणारा बर्फाचा गड्डा नेमका नळीवर पडतो. भट्टीकडे जाणारी तांब्याची बारीक नळी पूर्वी तळघराच्या सिमेंटमध्येच पुरत. सिमेंट तिला कुरतडते, आणि ती थेंब थेंब गळते. मालकाला पत्ता नसतो; पत्ता लागतो तो विहिरीचे पाणी वासायला लागल्यावर. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ साली कायदाच केला, की अशा नळीला एक तर बाहेरून आवरण घालावे, नाही तर टाकीपाशी अशी झडप बसवावी, की नळी गळताच तेल आपोआप थांबेल.

या टाक्यांवरची लहान लहान उपकरणे पाहिली, म्हणजे प्रत्येकामागे एकेक अपघात उभा दिसतो. तेलाच्या वाटेवर एक झडप असते. तिची कडी ७४ अंशांना वितळणाऱ्या धातूची. घराला आग लागली, तर कडी वितळते, झडप मिटते आणि आगीला तेल मिळत नाही. हवा बाहेर जायच्या नळीत एक शिट्टी बसवतात. तेलवाला बाहेरून तेल सोडतो, तेव्हा आतली हवा शिट्टी वाजवत बाहेर पडते. टाकी भरत आली की शिट्टी थांबते, आणि तो कोंडी बंद करतो. तळघरात न डोकावता त्याला टाकीचे पोट कळते. सुरुवातीलाच शिट्टी वाजली नाही, तर त्याने एक थेंबही पुढे सोडू नये, असा दंडक आहे. कारण त्या नळीत गांधीलमाशीने घर केले असेल, बर्फ थिजला असेल, आणि हवेला वाट नसलेली टाकी पंपाच्या दाबाने फुटते. भट्टी विझली तर पुन्हा चालू करायला एक लाल बटण असते. ते एकदाच दाबायचे. न पेटलेले तेल प्रत्येक दाबण्यासरशी आत साचत जाते, आणि मग एकदम पेटून साऱ्या घरावर काजळी उधळते.

सर्वांत विलक्षण प्रकार विसरलेल्या नळीचा. घरमालक गॅस घेतो, तळघरातली टाकी काढून टाकतो; पण भिंतीबाहेरचे तेल घालायचे तोंड तसेच राहते. एखाद्या दिवशी तेलवाला चुकीच्या पत्त्यावर येतो, ओळखीचे तोंड बघतो आणि नळी जोडून देतो. टाकी नाही, आणि तेल तळघराच्या फरशीवर! असे प्रकार वारंवार घडले, म्हणून आता टाकीबरोबर तिचे तोंडही काढलेच पाहिजे असे बजावतात. न्यू जर्सीत तर बागेखाली पुरलेल्या जुन्या टाक्यांचे प्रकरण मोठे आहे. तिकडे मराठी कुटुंबे पुष्कळ. माझा एक जुना विद्यार्थी तिथे घर घेत होता. त्याने कळवले, की वास्तुशांतीच्या आधी तिथे टाकीशोधन करावे लागते: धातू ओळखणारे यंत्र घेऊन माणूस हिरवळीवर फिरतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मालकाने पुरलेली टाकी गळत निघाली, तर माती उपसण्याचा खर्च आजच्या मालकाच्या बोकांडी बसतो. मला हे वाचून आपल्याकडच्या गुप्तधनाच्या गोष्टी आठवल्या. इथे मात्र पूर्वजाने पुरलेला हंडा सापडू नये, म्हणून माणूस देवाला हात जोडतो.

*

आणखी एक घटना सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही, कारण ती शाळेची आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव तेलाच्या विहिरींमुळे गबर झाले होते. तिथली शाळा श्रीमंत शाळा म्हणून नावाजलेली. वर्ग तापवण्यासाठी गॅसचे शेगडे होते, आणि पैसे वाचवावेत म्हणून विहिरींवर फुकट जाणारा गॅस शाळेने नळी जोडून घेतला होता. या गॅसला वास नव्हता. नळी कुठेतरी गळत होती. इमारतीखालच्या पोकळीत गॅस साचत गेला. मुलांची डोकी दुखत होती म्हणतात. पण डोके दुखले म्हणून शाळेत कोण मनावर घेतो? १८ मार्च १९३७ च्या दुपारी कार्यशाळेच्या मास्तरांनी लाकूड घासायचे यंत्र सुरू केले, ठिणगी उडाली, आणि इमारत उचलली जाऊन खाली कोसळली. तीनशेच्या आसपास मुले आणि शिक्षक गेले. ढिगाऱ्यात एक फळा सापडला. तेल आणि गॅस हेच या भागाला लाभलेले थोर वरदान आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर खडूने लिहिलेला होता, असे सांगतात.

त्यानंतर टेक्सासने गॅसला मुद्दाम दुर्गंध लावणे सक्तीचे केले, आणि ही रीत पुढे जगभर गेली. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरच्या गॅसलाही मूळचा तसा वास नसतो. सडक्या कोबीसारखा जो भपकारा येतो, तो मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. आपल्याला सावध करण्यासाठी मिसळलेला. मुंबईत १९५५ साली बर्मा-शेलने घरगुती गॅस विकायला आणला, तेव्हापासून हा राखणदार आपल्याबरोबर आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तो खेड्यापाड्यांतही पोहोचला. रेशनच्या दुकानापुढची घासलेटची रांग बहुतेक ठिकाणी मोडली. डब्याच्या जागी सिलिंडर आला, आणि काकड्याच्या जागी लायटर.

पण नळी राहिलीच. टाकी, झडप, नळी ही तीन पात्रे या नाटकात कायम आहेत; फक्त वेष बदलतात. सिलिंडरपासून शेगडीपर्यंत जी केशरी रबरी नळी जाते, तिच्यावर तिची मुदत छापलेली असते, आणि पाच वर्षांनी ती बदलावी असे गॅस कंपन्या सांगतात. मी यंदा दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ म्हणून वर्गातल्या मुलांना एकच काम दिले आहे: घरातल्या नळीवरची तारीख वहीत लिहून आणायची, आणि मुदत टळलेली असेल तर फराळाच्या कढया चढायच्या आत वडिलांकडून ती बदलून घ्यायची. निबंध नको, चित्र नको. एका मुलीने मला उभे राहून विचारले, "सर, तारीख पुसली गेली असेल तर?" मी म्हटले, "बाळ, तर मग ती आजच बदलायची."